रिकाम्या जागेचा फोटो: त्यात दिसायला काय हवे?

शंकासुर
एखाद्या जागी शेकडो माणसांचे जीव गेलेले असतात. काही वर्षांनी तिथे गवत उगवते, रस्ता होतो, भिंतीला नवा रंग लागतो. मग तिथे कॅमेरा लावला की फोटोत गवत, रस्ता आणि भिंतच येते. फोटोखालची ओळ वाचली नाही तर माणूस पान उलटून पुढे जातो. याच्या उलट टोकाचे फोटो म्हणजे काळे ढग, जमिनीवर एक तुटकी बाहुली, मागे मावळता सूर्य. त्यांत घडलेली गोष्ट कमी आणि फोटोग्राफरच जास्त दिसतो.

माझे प्रश्न असे. घडून गेल्यावर काढलेल्या फोटोला काही अर्थ असतो का, की घडत असताना काढलेलाच खरा? अर्थ असेल तर तो काढायचा कसा, म्हणजे लेन्स, उजेड, वेळ? आणि खालची ओळ फोटोचा भाग धरायची की नाही? भावना लिहू नका असे नाही, पण "अंगावर काटा आला"च्या पुढे जाऊ या.

आडवातिडवा
अंगावर काटा आला.
(कोणीतरी लिहिणारच होते, म्हणून उरकून टाकले.)

तिपाई
काढायचा कसा, एवढ्यापुरते लिहितो.

लेन्स ३५ ते ५० मिमी, फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने. १६-२० मिमीने जवळचा दगड राक्षसाएवढा, मागची इमारत काड्यापेटीएवढी आणि कडेच्या भिंती कलंडलेल्या अशी गत होते. जागेची लांबी-रुंदी कळेनाशी होते, आणि अशा फोटोत नेमकी तीच कळायला हवी. दारापासून जिना किती लांब, खिडकी जमिनीपासून किती उंच, बाहेर पडायची वाट कुठून होती.

कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे दीड मीटरच्या आसपास, आणि पातळीत. कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे पडतेय असे वाटते. इमारत उंच असेल तर कॅमेरा कलवण्याऐवजी आपण मागे जायचे, आणि खाली आलेली जास्तीची जमीन नंतर कापायची. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११. एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्याने) बारकावे मऊ पडायला लागतात. आणि तिपाई हवीच, हे नाव उगीच घेतलेले नाही.

व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून असलेली सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, ५५०० केल्विनला बांधून टाका. नाहीतर एकाच भिंतीचे सहा फोटो सहा रंगांत येतात. उजेड ढगाळ बरा. सावल्या मऊ राहतात, भिंतीवरचे डाग, भेगा, बुजवलेली भोके दिसतात. सोनेरी तास (सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा उजेड) इथे कामाचा नाही. त्या उजेडात उकिरडासुद्धा सुंदर दिसतो.

कोपरा
तिपाई, बाकी मान्य, उजेडाबद्दल असहमत. ढगाळ उजेड हा तुमच्या सोयीचा. घटना ज्या वेळी घडली त्या वेळेचा उजेड घ्यायला हवा.

क्लोई ड्यू मॅथ्यूज यांची 'शॉट ॲट डॉन' ही मालिका बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश, फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याने आपल्याच काही सैनिकांना भित्रेपणा किंवा पळून जाण्याच्या आरोपावरून गोळ्या घालून मारले. त्या जागा शोधून, शक्यतो त्याच ऋतूत आणि पहाटेच्या त्याच सुमारास काढलेले हे फोटो. दिसते काय? शेत, भिंत, झाडांची रांग, धुके. पण तो उजेड त्या माणसाने शेवटचा पाहिलेल्या उजेडाच्या जवळपासचा आहे. दुपारच्या ढगाळ सपाट उजेडात काढली असती तर ती मालिका भूमापन खात्याची वाटली असती.

तिपाई
मुद्दा मान्य. एकच भर: वेळ घड्याळाची धरू नका, सूर्याची धरा. शंभर वर्षांत घड्याळाचे नियम बदलतात, उन्हाळी वेळ येते-जाते. "सकाळी ६ वाजता" असे कागदावर असेल तर तेव्हा सूर्योदय किती वाजता होता ते काढायचे, आणि सूर्योदयाच्या आधी किंवा नंतर तितक्याच मिनिटांनी शटर दाबायचे.

हळवा दगड
मला वाटते घडत असतानाचाच फोटो खरा. बाकी सगळे पर्यटन. प्रिप्यातमधले (चेर्नोबिल अपघातानंतर ओस पडलेले शहर) ते पिवळे फिरते चक्र बघून बघून कंटाळा आला. आणि प्रत्येक खाटेवर एक बाहुली, तिच्या तोंडाला गॅस मास्क!

जुनी निगेटिव्ह
त्या बाहुल्या बहुतेक नंतर आलेल्यांनी मांडलेल्या. ओळखायला सोपे आहे. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या वस्तूवर आणि तिच्या भोवतीच्या जागेवर सारखीच धूळ असते, वस्तू उचलली तर खाली तिच्या आकाराचा स्वच्छ ठसा राहतो. मांडलेल्या बाहुलीच्या खालीही धूळ असते आणि अंगावर बोटांचे ठसे. फोटो मोठा करून कडेला बघा.

पण "घडत असतानाचा तेवढा खरा" हेही टिकत नाही. छायाचित्रकार रॉजर फेंटन, क्रिमियन युद्ध, एप्रिल १८५५. दरीतला रस्ता आणि तोफगोळे. एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो आहेत. एकात गोळे रस्त्यावर विखुरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा आणि गोळे कडेच्या चरात. म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये गोळे कोणीतरी हलवले. आधीचा फोटो कोणता यावर बरीच वर्षे वाद झाला. माहितीपटकार एरॉल मॉरिस यांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि निकाल लागला तो गोळ्यांवरून नव्हे तर उतारावरच्या बारक्या दगडांवरून. ते दगड एका फोटोत थोडे वर आहेत, दुसऱ्यात थोडे खाली. दगड पायाने ढकलला गेला तर खाली घरंगळतो, वर चढत नाही. म्हणून मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा, गोळे रस्त्यावर असलेला नंतरचा.

फेंटनला लबाड म्हणायच्या आधी तंत्र बघा. ओले कलोडियन: काच लेपायची, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. हातात साधारण दहा मिनिटे, उन्हात त्याहून कमी. एक्स्पोजर काही सेकंदांचे. पळता घोडा, उडता गोळा हे काचेवर उमटणेच शक्य नव्हते. राहिलेले पडकेच टिपता यायचे. शिवाय हे रसायन निळ्याला अतिसंवेदनशील, त्यामुळे आकाश कोरे पांढरे. त्या फोटोतले रितेपण आपल्याला भेसूर वाटते, त्यातला निम्मा वाटा या रसायनाचा आहे.

खडीसाखर
म्हणजे आकाश भयाण दिसण्यामागे दुःख नाही, सिल्व्हर आयोडाइड आहे. आजचा दिवस सार्थकी लागला.

अर्धा स्टॉप
गोळे हलवले ते चालून गेले म्हणू. गेटिसबर्गला (अमेरिकी यादवी युद्ध, जुलै १८६३) छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने मृत सैनिकालाच हलवले. आधी तो एका उतारावर पडलेला दिसतो. मग तोच देह दगडी आडोशात, डोके वर टेकवलेले आणि भिंतीला बंदूक उभी. मथळा: बंडखोर नेमबाजाचे घर. ती बंदूक नेमबाज वापरत त्या प्रकारची नव्हे, आणि ती इतर फोटोंतही दिसते, म्हणजे सोबत नेलेली. हे उघड कसे झाले? इतिहासकार विल्यम फ्रॅसॅनिटो यांनी जुने फोटो हातात घेऊन प्रत्यक्ष जमिनीवर दगड न् दगड जुळवला. रिकाम्या जागेच्या फोटोचा उपयोग विचारता ना शंकासुर, हा घ्या एक.

शंकासुर
हे जुळवायचे कसे? जुना फोटो कुठून काढला ती नेमकी जागा आज सापडते?

अर्धा स्टॉप
सापडते, बहुतेक वेळा अर्ध्या मीटरच्या आत. लेन्स कोणती होती हे माहीत नसले तरी चालते, कारण वस्तू एकमेकींच्या तुलनेत कुठे दिसतात हे फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते. लेन्सने फक्त चौकट लहान-मोठी होते.

जुन्या फोटोत न बदललेल्या वस्तू शोधा: दगडी कोपरे, खडक, डोंगराची कड. झाडे धरू नका, ती वाढतात. रस्त्याची पातळीही धरू नका, डांबराचे थर चढत जातात. आता एक जवळची उभी कड आणि तिच्या मागे एक लांबची उभी कड निवडा. डावी-उजवीकडचा नियम: जवळची वस्तू जुन्या फोटोपेक्षा ज्या बाजूला जास्त सरकलेली दिसते, त्याच बाजूला आपण सरकायचे. जवळचा खांब लांबच्या मनोऱ्याच्या फार डावीकडे दिसतोय? तुम्ही उजवीकडे जास्त आलात, डावीकडे चला. उंचीलाही हाच नियम. जवळच्या भिंतीचा माथा फार खाली दिसतोय तर कॅमेरा खाली घ्या.

राहिले पुढे-मागे. जुन्या प्रिंटवर पट्टीने जवळच्या दोन वस्तूंमधले अंतर मोजा, लांबच्या दोन वस्तूंमधले मोजा, भागाकार करा. समजा ४२ मिमी आणि २८ मिमी, म्हणजे १.५. तुमच्या स्क्रीनवर तोच भागाकार १.७ येतोय तर तुम्ही जास्त जवळ आहात, मागे सरका. भागाकार असल्यामुळे प्रिंट केवढी आहे याने फरक पडत नाही.

तिन्ही गोष्टी एकदम जुळत नाहीत. आधी बाजू, मग अंतर, मग उंची, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार फेऱ्या लागतात.

सगळ्यांत जास्त चुकते ते हे: जुना फोटो कापलेला असतो आणि आपण त्याची मधली रेष कॅमेऱ्याची मधली रेष धरतो. किंवा जुन्या कॅमेऱ्याची लेन्स वर सरकवलेली असते आणि आपण कॅमेरा कलवून ते गाठायला बघतो. कलवू नका. पातळीत ठेवून रुंद काढा, नंतर कापा.

कोपरा
वेळही निघते. सपाट जमिनीवर उभ्या खांबाची सावली खांबाएवढीच असेल तर सूर्य ४५ अंशांवर. सावलीची दिशा नकाशावर मांडली की सूर्य कुठल्या बाजूला होता तेही कळते. मात्र वर्षात दोन तारखा निघतात, अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा लहान दिवसाच्या) आधीची एक आणि नंतरची एक. मग झाडांची पाने, लोकांचे कपडे, नदीचे पाणी यावरून एक गाळायची.

नाममात्र
कापण्याचा विषय निघालाच आहे तर: ऑशविट्झ या नाझी छावणीतले चार फोटो. ऑगस्ट १९४४. प्रेते जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांनी चोरून आणलेल्या कॅमेऱ्याने ते काढले, आणि फिल्म टूथपेस्टच्या नळीतून बाहेर पोचवली. दोन फोटोंत बाहेर उघड्यावर जळणारे देह दिसतात आणि भोवती जाड काळी चौकट आहे. ती चौकट म्हणजे गॅस चेंबरचा दरवाजा. काढणारा आत, अंधारात उभा राहून बाहेरचे टिपतोय. तिसऱ्यात झाडांखाली विवस्त्र बायका, चौकट वाकडी, कॅमेरा डोळ्याला न लावता काढलेला. चौथ्यात निव्वळ झाडे आणि आकाश.

पुढे छापताना कितीतरी ठिकाणी काळा भाग कापला, वाकडे सरळ केले, "नीट दिसावे" म्हणून. दृश्य नीट दिसू लागले आणि कुठे उभे राहून, किती घाईत, पकडले जाण्याच्या किती भीतीत ते काढले, हे फोटोतून गेले. चौथा फोटो तर बहुतेकदा वगळतात, कारण "त्यात काही नाही". माझ्या दृष्टीने चारांत तोच सर्वांत जास्त बोलतो.

हळवा दगड
हे माहीत नव्हते. माझे "पर्यटन" वाले विधान अर्धे मागे घेतो. बाहुल्यांबाबतचे अर्धे कायम.

खडीसाखर
व्हिएतनाममधल्या नापाम हल्ल्यातल्या मुलीचा फोटो पण कापलेलाच ना? निक उट यांचा.

जुनी निगेटिव्ह
हो, ८ जून १९७२, ट्रँग बँग. मूळ फ्रेममध्ये उजवीकडे रस्त्यावर एक छायाचित्रकार कॅमेऱ्यात मान घालून रीळ बदलतोय. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत उजवी बाजू बरीचशी कापलेली असते. मात्र "निक उट यांचा" हे आता इतके सरळ राहिलेले नाही. श्रेयावर वाद उभा राहिला आणि २०२५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांचे पुरस्कार देणाऱ्या संस्थेने श्रेयाची नोंद स्थगित केली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मात्र त्यांचेच नाव कायम ठेवले आहे. तेव्हा नाव लिहायचे तर ही पुस्ती जोडून.

आडवातिडवा
रंगीत की कृष्णधवल, हे भांडण अजून कसे सुरू झाले नाही? फोटोत दम नसेल तर रंग काढून टाकायचा, लगेच दुःखी होतो. फुकटातले दुःख.

कोपरा
हसण्यावारी नेऊ नका, याचे एक नेमके उदाहरण आहे. भोपाळ, डिसेंबर १९८४. एकाच बालकाच्या दफनाचे दोन फोटो. रघू राय यांचा कृष्णधवल, पाब्लो बार्थोलोम्यू यांचा रंगीत. रंगीत फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा मुख्य पुरस्कार मिळाला.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. राय यांच्या फोटोत एक हात आहे, चेहऱ्यावरची माती हलकेच बाजूला सारणारा. रंग नसल्यामुळे माती, त्वचा आणि हात फक्त उजळ-गडद यावरूनच वेगळे होतात. त्यामुळे नजर थेट चेहऱ्यावर जाते, तिथून हातावर आणि परत चेहऱ्यावर. रंगीत फोटोत माती ही मातीच्या रंगाची आहे, चेहऱ्याचा रंग तिच्याहून वेगळा आहे, आणि हे काल-परवाचे आहे हे विसरायची सोय राहत नाही. एक शोक करतो, दुसरा पुरावा देतो. कोणता श्रेष्ठ हा वाद मला फोल वाटतो. पण रंगीत काढून नंतर 'गंभीर दिसावा' म्हणून रंग काढणे हे तिसरेच, आडवातिडवा म्हणतात ते.

नाममात्र
आणि उलटे, म्हणजे जुन्यात रंग भरणे? कंबोडियातल्या तुओल स्लेंगच्या तुरुंगात (१९७५ ते ७९) ख्मेर रूज राजवटीने आत आणलेल्या प्रत्येकाचा फोटो काढून ठेवला होता. ते फोटो मारणाऱ्यांनी काढलेले आहेत, हे आधी लक्षात घ्या. २०२१ मध्ये त्यांतले काही रंगवून एका परदेशी संकेतस्थळावर झळकले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू आणलेले होते. कंबोडिया सरकारने आक्षेप घेतला, मग ते काढून टाकले गेले.

आजची 'फोटो सुधारा' बटणे हेच करतात, फक्त गुपचूप. धूसर चेहरा दिला की यंत्र भरपूर चेहऱ्यांच्या सरासरीतून डोळे, दात, त्वचेची रंध्रे रचून देते. ती त्या माणसाची नसतात. स्मृतीसाठी फोटो साफ करायचाच असेल तर ओरखडे, धूळ, फिकेपणा एवढ्यावर थांबा. चेहऱ्याच्या आत ब्रश नको. मूळ स्कॅन वेगळे ठेवा, १६ बिट टिफ, ६०० डीपीआय, प्रिंट अगदी लहान असेल तर १२००.

बुरशीनाशक
धागा भलतीकडे नेतो, माफ करा. जागेचे फोटो झाले. पूर किंवा त्सुनामीत भिजलेले घरातले फोटोही या विषयातच येतात, आणि त्यांच्या बाबतीत पहिल्या दोन दिवसांत काय करता यावर सगळे ठरते.

फोटोचा वरचा थर जिलेटिनचा. पाण्यात तो फुगतो, चिकट होतो, शेजारच्या फोटोला किंवा काचेला धरतो. ४८ तासांच्या पुढे बुरशी आणि जिवाणू जिलेटिन खायला लागतात, सहसा कडेपासून आत. म्हणून कडा पांढऱ्या आणि मधे चेहरा शिल्लक, असे फोटो दिसतात.

अल्बम ओला असतानाच उघडा. वाळला की पाने एकमेकांना बसतात, आणि वाळल्यावर ओढले तर चेहरा समोरच्या पानावर जातो. काढायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण क्रम हीदेखील माहिती आहे. पाठीमागची शाई विरघळू शकते, तिचाही आधी फोटो. दोन-तीन उथळ ट्रे, गार स्वच्छ पाणी. गरम नको, जिलेटिन वितळते. फोटो पाण्यात धरून हलवा, चिखल पाण्यानेच जाऊ द्या, चित्राच्या बाजूवर बोट घासू नका. एका ट्रेमधून दुसऱ्यात, शेवटचे पाणी सर्वांत स्वच्छ. मग टिपकागदावर चित्र वर करून सपाट, सावलीत. उन्हात टाकले की नळीसारखे गुंडाळतात. चिखल सांडपाण्याचा असतो, नायट्राइल हातमोजे आणि मास्क हवेतच.

दोन दिवसांत होणार नसेल तर मधे मधे मेणकागद घालून, पिशवीत बांधून थेट फ्रीझरमध्ये. बुरशी थांबते, सवडीने थोडे थोडे काढून धुता येते. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत, थर सुटतो, काच फुटते. त्या आधी वाळवायच्या.

दोन ठिकाणी धुणेच चूक. एक, घरच्या इंकजेटवर छापलेले: शाई वाहून जाते, तसेच वाळवा. दोन, ज्यांचा थर आधीच सडून सुटलेला आहे असे: पाण्यात घातले की चित्र पाण्यावर तरंगते आणि हाती कोरा कागद उरतो. कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा. रंग सुटला तर थांबा, आधी जसा आहे तसा फोटो घेऊन ठेवा. काचेला चिकटून वाळलेला फोटो सोलू नका, काचेसकट स्कॅन करा.

२०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या यामामोतो या गावात स्वयंसेवकांनी साडेसात लाखांच्या आसपास फोटो असेच धुऊन, क्रमांक देऊन, स्कॅन करून ठेवले, लोकांनी येऊन आपले ओळखून न्यावेत म्हणून. जे ओळखण्यापलीकडे गेले होते त्यांचे प्रदर्शन झाले. चेहऱ्यांच्या जागी नुसते रंगाचे ओघळ.

हळवा दगड
भलतीकडे कुठे, हाच प्रतिसाद मी जपून ठेवला.

खडीसाखर
दंतवैद्याचा धागा (फ्लॉस) वापरतात म्हणे चिकटलेले फोटो सोडवायला?

बुरशीनाशक
कोरड्या, गोंदाच्या अल्बमसाठी. फोटोच्या मागून, एका कोपऱ्यातून शिरवून करवतीसारखा पुढे-मागे. फोटो वाकता कामा नये. ओल्या फोटोला अजिबात नको, थर कापला जाईल.

अर्धा स्टॉप
किरणोत्सर्गाचे विसरलात. चेर्नोबिलच्या छपरावर इगोर कोस्तिन यांनी काढलेल्या प्रसिद्ध फोटोत खालच्या कडेला पांढुरके पट्टे आहेत. किरणांनी फिल्म उजेडाशिवायच काळवंडते, आणि निगेटिव्ह काळी म्हणजे प्रिंट पांढरी. दृश्य आणि त्या दृश्यातला धोका, दोन्ही एकाच फिल्मवर.

शंकासुर
बरेच मिळाले. माझा तिसरा प्रश्न, खालच्या ओळीचा, तसाच राहिलाय.

जुनी निगेटिव्ह
तो करून बघण्याचा विषय आहे. छायाचित्रकार फेलिचे बिआतोचा सिकंदर बागेचा फोटो घ्या, लखनौ. कमानींची पडकी इमारत, पुढ्यात काही माणसे, एक घोडा, आणि जमिनीवर विखुरलेली हाडे. लिहा ओळ.

आडवातिडवा
"१८५७ च्या उठावातील संहारानंतरची सिकंदर बाग, लखनौ."

नाममात्र
एवढ्याशा ओळीत दोन गफलती. हल्ला नोव्हेंबर १८५७ चा, फोटो १८५८ च्या वसंतातला. मध्ये चार-पाच महिने गेले. "नंतरची" म्हटले की वाचणारा दुसऱ्या दिवशीची धरतो. दुसरी गफलत 'संहार' शब्दाची: कोणी कोणाचा केला ते ओळीत नाहीच. जुन्या इंग्रजी मथळ्यात दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीनंतरचे दृश्य असे लिहून, ती करणाऱ्या पलटणींची नावे अभिमानाने दिलेली आहेत. तो मथळा जिंकणाऱ्यांच्या अल्बमसाठी लिहिलेला.

कोपरा
आणि हाडे. चार-पाच महिने ती जशीच्या तशी अंगणात होती, की फोटोसाठी उकरून मांडली? तेव्हाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या लिखाणानुसार ती उकरून काढली होती. मग तसे ओळीत हवे.

शंकासुर
प्रयत्न करतो:

"सिकंदर बाग, लखनौ. छायाचित्र: फेलिचे बिआतो, १८५८. नोव्हेंबर १८५७ मध्ये ब्रिटिश फौजेने इथे सुमारे दोन हजार बंडखोर शिपायांना मारले. समोरची हाडे त्यांचीच समजली जातात. फोटोसाठी ती उकरून मांडली, असे एका समकालीन अधिकाऱ्याने लिहिले आहे."

तिपाई
'बंडखोर' हा शब्द कोणाचा?

शंकासुर
मथळ्यातून आला की इकडे. 'शिपायांना' एवढेच ठेवतो.

अर्धा स्टॉप
उभ्या माणसांबद्दल एक शब्द नाही. इतक्या लांबच्या एक्स्पोजरला ती हललेली नाहीत, म्हणजे त्यांना उभे केलेले आहे.

शंकासुर
शेवटी जोडले: "मागची माणसे छायाचित्रकाराने उभी केलेली असावीत. त्यांची नावे नोंदलेली नाहीत."

खडीसाखर
घोडा?

अर्धा स्टॉप
घोड्याचे डोके मोठे करून बघा. हलले असेल तर पुसट येते.